महामार्गाच्या कडेची सायकल
अमरावती व अकोला जिल्ह्यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 53 वर जून 2022 मध्ये लोणी ते माना दरम्यान एका मार्गिकेचे 75 किलोमीटरचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत पूर्ण होऊन जागतिक विक्रम झाला. परंतु या मार्गाला मिळणाऱ्या गावरस्त्यांवरून सायकलने शाळेत जाणाऱ्या मुलींच्या सुरक्षिततेला तशी निकड लाभली नाही, ही खेदाची बाब होय. डांबराची कड साइडपट्टीपेक्षा, म्हणजे रस्त्यालगतच्या मुरमाच्या पट्ट्यापेक्षा, वीतभर उंच राहिली की ट्रकला वाट देताना सायकलचे चाक घसरते, आणि पावसाळ्यात काळी माती मडगार्डमध्ये गच्च बसून सायकल जागीच अडते. पांदण रस्ते, म्हणजे शेतांमधील वहिवाटीच्या वाटा, खडीकरण करून एकमेकांना जोडले आणि मूर्तिजापूर–अचलपूर या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेमार्गालगत सायकलवाट आखली, तर महामार्गाचा बराच प्रवास टळेल. मात्र महामार्ग ओलांडण्यासाठी भुयारी मार्ग लागतीलच.