भीमाशंकरची चर्चची घंटा

घोडेगावमार्गे भीमाशंकरला गेलात आणि पायऱ्या उतरून देवळाशी पोचलात की शनिमंदिरापाशी एक अवजड घंटा दिसते. देवळातल्या नेहमीच्या घंटांसारखी ती नाही. ती चर्चची आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून इकडे आल्या. दुसरी वाईजवळ मेणवलीला आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली माता कोरली आहे. जिच्या नावाची कुरआनात स्वतंत्र सूरह आहे त्या हजरत मरियम कृष्णाकाठच्या घाटावर, शंकराच्या शेजारी!

लूट ती लूटच. पोर्तुगीजांनीही वसई-साष्टीत देवळं पाडली होती. सोमनाथचा विषय निघाला की आमचे लोक गप्प होतात आणि वसईचा निघाला की बाकीचे. मला दोन्ही गप्प बसणं सारखंच खटकतं.

मला जास्त नवल वाटतं ते घंटेचं काम बदलल्याचं. चर्चची घंटा माणसांना बोलावते. देवळात मात्र येणारा स्वतः घंटा वाजवून देवाला आल्याची वर्दी देतो. षोडशोपचार पूजेत तर कलश-शंखांबरोबर आधी घंटेचीच पूजा होते, गंध, अक्षता, फूल वाहून. मग आवाहन, आसन, पाय धुवायला पाणी, स्नान, वस्त्र, नैवेद्य. घरी आलेल्या पाहुण्याचं करावं तसंच सगळं. गणपतीला आवाहन असतं म्हणून विसर्जनही असतं. ज्योतिर्लिंगाला दोन्ही नाही, कारण देव तिथे कायमचा आहे अशी श्रद्धा.

मदीनेतही हाच प्रश्न आला होता: नमाजला लोकांना बोलवायचं कसं? कुणी ख्रिश्चनांसारखी घंटा सुचवली, कुणी यहुद्यांसारखं शिंग. अखेर ठरला माणसाचा आवाज, आणि पहिली अजान हजरत बिलाल (रजि.) यांनी दिली.

'हे सगळं शिकवता कशाला? शिर्क आहे,' असं आमच्यातले काही जण म्हणतात. मी पूजा करत नाही, हात जोडत नाही. तौहीदची ती हद्द मला मान्य आहे. पण समजून घेणं म्हणजे सामील होणं नव्हे. इतर लोक ज्यांना पुकारतात त्यांना अपशब्द बोलू नका, ही ताकीद सूरह अनआममध्येच आहे. शिवाय नैवेद्य, तीर्थ, विसर्जन हे शब्द वगळून वर्गात मराठी शिकवायची तरी कशी?

नाशिकला गोदाकाठी नारोशंकराची घंटा आहे. तीही वसईच्या विजयाचीच म्हणतात. ती पाहायची राहिली आहे.