शिळेचें गोत्र

लेहहून सिंधूच्या कांठानें आम्ही निडर नांवाच्या गांवीं पोहोंचलों. समोरच्या हिरवट-काळ्या टेकड्या म्हणजे टेथिस समुद्राच्या तळाखालचा खडक. भारतभूमि आशियास भिडली तेव्हां तो वर आला. परंतु त्या समुद्रांत त्याचें जन्मस्थान कोणतें? त्यांतील ऑलिव्हीन पाण्यानें पालटून सर्पेंटाइन होतें. स्पिनेलचा कण मात्र मूळ स्वभाव बराचसा राखतो. खडकांतून शिलारस जितका अधिक निघून गेला, तितकें त्या कणांत ॲल्युमिनियम कमी, क्रोमियम अधिक. दोहोंच्या बेरजेंत क्रोमियमचे अणु शेंकडा ६० हून अधिक भरले, तर खडक मध्यसागरी कण्याचा नव्हे, बहुधा द्वीपमालेखालचा, असें डिक व बुलेन यांनीं १९८४ सालीं दाखविलें. अमरकोशांत ‘गोत्र’ हें पर्वताचेंहि नांव आहे. जन्मभर आम्हीं तें मुलांकडून पाठ करवून घेतलें. अर्थ येथें उमगला.