तास

नात दिवाळीला आठ दिवस अंबाजोगाईला आली होती. मुंबईला वाचा-उपचाराचं शिक्षण घेते. चार वर्षांची पदवी झाली, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. आता एम.एस्सी. चालू आहे. फराळ झाला की एक जाड वही घेऊन ओसरीवर बसायची आणि बोटांवर काहीतरी मोजत राहायची.

"कसला हिशेब चाललाय ग?"

"तास मोजतेय, आबा. माझे तास भरायचेत अजून."

तास म्हटलं की आम्हा मास्तर लोकांचे कान टवकारतात. मराठीतला पहिला काव्यग्रंथ लिहिणारे म्हणून ज्यांना मान आहे, त्या मुकुंदराजांची समाधी ज्या गावाजवळ आहे, त्या गावात मी 34 वर्षं मराठीचे तास घेतले. घंटा झाली, वर्गात गेलो, धडा पुढं सरकवला, घंटा झाली, बाहेर आलो. झाला तास. मुलांच्या पदरात काय पडलं, ते हजेरीपटात लिहायची सोय नव्हती.

तिचा तास तसा नाही. पुस्तक वाचलं, व्याख्यान ऐकलं, ते यात धरत नाहीत. समोर पेशंट हवा, उपचार तिनं स्वतः करायला हवेत आणि देखरेख करणाऱ्या मॅडमची वहीत सही हवी. पेशंट आलाच नाही तर तास बुडाला! तिची एक मैत्रीण याच शिक्षणासाठी अमेरिकेत गेली आहे. तिथल्या संघटनेचं प्रमाणपत्र घ्यायचं तर 400 तास लागतात. त्यातले 25 नुसते बघण्याचे, बाकीचे 375 प्रत्यक्ष कामाचे.

पेशंट तरी किती तऱ्हेचे! बोबडं बोलणारं लेकरू, ऐकू यावं म्हणून शस्त्रक्रिया करून कानात यंत्र बसवलेली मुलगी, अर्धांगाच्या झटक्यानं वाचा गेलेले एक आजोबा. ती सांगत होती, "त्या आजोबांना आरती सबंध म्हणता येते, आबा. पण तहान लागली तर पाणी मागता येत नाही. शब्दच सापडत नाही." मग सहज म्हणाली, "तोतरं बोलणाऱ्यांचंही असंच एक नवल असतं. सगळ्यांबरोबर एका सुरात म्हणायचं असलं की ते बहुधा अडखळतच नाहीत."

माझ्या हातातली करंजी हातातच राहिली.

1983 सालची गोष्ट. आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही, तो गावातच आहे. धडा वाचायला उभा केला की पहिल्याच अक्षराशी अडायचा. मान ताणायची, डोळे मिटायचे, वर्ग हसायचा. पण सकाळच्या प्रार्थनेत तो माझ्या समोरच्या रांगेत उभा असायचा आणि खणखणीत म्हणायचा. मी ते कानांनी ऐकलेलं! एके दिवशी माझा तोल गेला. "प्रार्थना बरी म्हणता येते रे? वाचताना सोंग करतोस होय?" म्हणालो आणि एक ठेवून दिली. त्यानंतर वर्षभर मी त्याला वाचायला उठवलं नाही. ती मला दया वाटत होती.

नातीला हे सांगितलं. ती रागावली नाही, पण बराच वेळ वहीकडं बघत राहिली. मग तिनं मला समजावून सांगितलं. हे सोंग नव्हे, हट्टीपणा नव्हे, बुद्धीशी तर याचा काहीच संबंध नाही. बोलण्याची जुळवाजुळव मेंदूत होते, तिथलाच हा फरक आहे आणि पुष्कळदा तो घराण्यात चालत येतो. लहानपणी अडखळणारी बरीच मुलं पुढं सुटतात, काहींचं राहून जातं. शंभर माणसांत साधारण एकाचं. म्हणजे 34 वर्षांत माझ्यापुढं अशी किती मुलं बसून गेली असतील, हिशेब करवत नाही.

मैसूरला वाचा आणि श्रवणाची मोठी संस्था 1965 मध्येच निघाली होती. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था निघाली ती 1983 मध्ये, मी हात उचलला त्याच वर्षी. एवढ्या लांब कशाला, आमच्या गावात मेडिकल कॉलेज 1974 पासून आहे. एखाद्या डॉक्टरला नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं. पण मला सगळं कळतंय असं वाटत होतं.

"मग तासात तू करतेस काय?" मी विचारलं.

"पुष्कळ काही करते. पण आधी थांबायला शिकले. शब्द तोंडात द्यायचा नाही, सावकाश बोल म्हणायचं नाही, घड्याळाकडं बघायचं नाही. सुरुवातीला तेच जमेना, मॅडम बोलल्या मला त्यावरून."

त्या मुलाचं आता दुकान आहे, वय पंचावन्नच्या पुढं. मी नेहमी तिथूनच सामान आणतो आणि नेहमी त्याचं वाक्य मीच पुरं करतो. "सर, च... च..." म्हणाला की मी म्हणतो, "चहा नको, घाईत आहे." भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गेलो. तो "च"वर अडला. मी गप्प उभा राहिलो. फार अवघड गेलं हो! दहा सेकंद असतील, पण माझा सबंध तास गेल्यासारखं वाटलं. "चहा घेता का?" त्याचं त्यानं पुरं केलं. मी बसलो.

चहा पिताना म्हणालो, "आठवीत मी तुला मारलं होतं. चुकलो मी."

तो साखर तोलत होता. काटा स्थिर होऊ दिला, पुडी बांधली. मग अडखळत, वेळ घेत म्हणाला, "त... तो धडा मला पाठ होता, सर."

पुढं आम्ही दोघंही काही बोललो नाही. चहा मात्र सावकाश संपवला.

नात मुंबईला परत गेली. तिचे तास अजून भरायचेत. माझे भरले असं मी समजत होतो. असो.