माजरीचा मुक्काम आणि पद्मिनीची फ्यूजपेटी

माजरी हे नाव पुष्कळांनी आगगाडीच्या खिडकीतूनच वाचलेले असते. नागपूरहून बल्लारशाकडे निघालेली गाडी वरोरा मागे टाकते आणि भांदक यायच्या आधी हे जंक्शन लागते. इथून एक फाटा वर्धा नदी ओलांडून वणीकडे व पुढे आदिलाबादकडे जातो. चंद्रपूर जिल्हा म्हटला की शहरी माणसाच्या डोळ्यांपुढे ताडोबाचे वाघ उभे राहतात. माजरीचे वैभव मात्र जमिनीच्या पोटात आहे. वर काळी माती, पऱ्हाटी आणि तूर. त्यामागे खाणीतून उपसलेल्या मातीचे ढिगारे, इतके उंच की नवख्याला ते खरेच डोंगर वाटावेत. १९७३ साली इथल्या कोळशाच्या खाणी सरकारी झाल्या, १९७५ साली नागपूरची वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनी निघाली आणि माजरी तिचा एक विभाग झाला. पांढरा सदरा घालून इथे हिंडणाऱ्याने दुसरा सदरा बरोबर घ्यावा, एवढीच सूचना.

आम्ही गेलो ते मोटारीने. गाडी एका स्नेह्यांची, १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातले हे अपत्य मुंबईच्या टॅक्सीतून २०२३ साली कायमचे निवृत्त झाले. पण काही घरांत ती अजून म्हाताऱ्या घोड्यासारखी मायेने पोसली जाते. दिवेलागणीला माजरीच्या वळणावर तिचे दिवे मिचकावू लागले आणि जळका वास सुटला. सौभाग्यवतींनी तो कोळशाचाच ठरवून टाकला होता. पण झाकण काढून पाहतो तो फ्यूजची पेटी एका कोपऱ्यात वितळलेली आणि गंमत म्हणजे फ्यूज शाबूत!

रात्री तसेच पुढे न जाता आम्ही तिथेच मुक्काम केला. सकाळी एक मिस्तरी आले. खाणीत इलेक्ट्रिशियन म्हणून जन्म काढलेले. त्यांनी पेटीला हातही लावला नाही. म्हणाले, “पहिले बॅटरी सोडा जी. खाणीत मोटर खोलाची तर स्विच बंद, कुलूप अन् किल्ली आपल्या खिशात. मंग काम.”

अंगाला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला, जोडलेली तार त्यांनी आधी सोडली. दुसरी तार आधी सोडताना पाना पत्र्याला टेकला तर ठिणगी पडते, आणि बॅटरीतून निघणारा वायू त्या ठिणगीला टपलेलाच असतो. पद्मिनीत अंगाला मायनस असतो. काही जुन्या गाड्यांत प्लस असतो, म्हणून सवयीवर विसंबू नये.

मग फ्यूज का गेला नाही, हे त्यांनी सांगितले. फ्यूज जादा विजेला अडवतो. इथे वीज जादा नव्हतीच. ४५ वॅटच्या दिव्याला १२ व्होल्टवर चार अँपिअरही लागत नाहीत आणि फ्यूज आठाचा. दोष होता सैल, गंजलेल्या पत्तीचा. अशा जोडावर पाच-सहा वॅट उष्णता साठली तरी नखाएवढी जागा भाजून निघते. “कोळशाचंबी असंच हाय,” ते म्हणाले, “जाळ कोणी लावत नाही. हवा लागते, आतल्या आत तापून राह्यते, अन् एक दिवस धूर.” अशा वेळी फ्यूज काढून सोळाचा घालणे किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्याला अफू पाजणे. मग पेटीऐवजी तारच जळते.

नवी पेटी वरोऱ्याहून आली. नव्या चपट्या फ्यूजांची. जुन्या आठाच्या जागी साडेसातचा आणि सोळाच्या जागी पंधराचा, असा हिशेब. जुनीचा फोटो काढून प्रत्येक तारेला चिकटपट्टीवर आकडा लिहून बांधला. काळवंडलेले टोक चकाकते तांबे दिसेपर्यंत कापले. उरलेली तार तोकडी पडली तिथे तेवढ्याच जाडीची जोडली, नवे लग दाबून बसवले आणि प्रत्येक तार ओढून पाहिली. तार कुठे पत्र्याला घासून सोलली आहे का, तेही शोधले. कारण तसे असेल तर नवी पेटी बसवून काय उपयोग? हे शोधण्यातच निम्मी सकाळ गेली. स्नेही दोनदा घड्याळ पाहून गप्प बसले. अंगाची तार सर्वांत शेवटी जोडली.

मग एकेक दिवा लावून पाहिला. भोंगा वाजताच दारातली पोरे नाचली. शेवटी दोन्ही मोठे दिवे दहा मिनिटे लावून ठेवले आणि मिस्तरींनी पेटीवर तळहात ठेवला. “थंडी हाय,” एवढेच म्हणाले.

पैसे त्यांनी वाजवी घेतले. जळकी पेटी मात्र मागून घेतली. हाताखालच्या पोरांना दाखवायची होती.