उलटा रहाट

त्याचं कागदोपत्री नाव एटीपी सिंथेज. राहतो पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात, तिथल्या आतल्या पटलात. अर्धं अंग पटलात रुतलेलं, डोकं आतल्या पोकळीत. या डोक्याची रुंदी मिलिमीटरच्या एक लाखाव्या हिश्शाइतकी. काम एकच, फिरणं. तुम्ही हे वाचत असताना तुमच्या डोळ्यांत, बोटांत, काळजात असे अगणित फिरत आहेत.

चहातून पोटात गेलेली साखर त्याच्यापर्यंत कधीच पोचत नाही. तिच्यातल्या ग्लुकोजचे पेशीत आधी दोन तुकडे होतात. त्यातून एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, जेमतेम दोन रेणू पदरात पडतात. मग हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली शेफिल्डमध्ये उलगडलेल्या चक्रात तुकड्यांतला कार्बन निघून जातो. तोच आपण श्वासावाटे बाहेर टाकतो. उरतात इलेक्ट्रॉन. ते एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी ऑक्सिजनच्या स्वाधीन होतात आणि त्याचं पाणी होतं. या प्रवासात जी ऊर्जा सुटते तिच्या जोरावर ती प्रथिनं प्रोटॉन पटलाबाहेर ढकलत राहतात. म्हणजे इथवर येता येता साखर संपलेली असते. तिची कमाई म्हणून पटलाबाहेर फक्त प्रोटॉनांची दाटी असते, आणि त्यांना आत यायचं असतं. आत येण्याची वाट याच्या अंगातून जाते.

विहिरीवरच्या रहाटाची गाडगी पाणी भरून वर आणतात. हा उलटा रहाट: इथे खाली उतरणारा प्रवाहच चाक फिरवतो. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात या चाकाला आठ गाडगी असतात. प्रत्येक गाडगं बाहेरून एक प्रोटॉन घेतं, जवळजवळ पूर्ण फेरा मारतं आणि तो आत सोडतं. चाकाबरोबर एक वाकडा दांडा फिरतो आणि तो थेट डोक्यात शिरलेला असतो. डोकं मात्र हलत नाही, बाजूच्या एका टेकूने ते पक्कं धरलेलं असतं. डोक्यात तीन कप्पे. वाकडा दांडा फिरताना त्यांचा आकार बदलत जातो. एकात एटीपी मोडून झालेले एडीपी आणि फॉस्फेट येऊन बसतात, दुसऱ्यात ते आवळले जाऊन एटीपी तयार होतो, तिसरा तयार माल सोडतो. एका फेऱ्यात तीन एटीपी. सेकंदाला शंभराच्या घरात फेरे.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अमेरिकेच्या पॉल बॉयर यांनी ओळखली. कप्पा आवळला की एटीपी जवळपास आपसूक घडतो. बळ लागतं ते त्याला कप्प्यातून सोडवायला. साखरेपासून इथवर आलेली सारी मेहनत मुख्यतः ही मूठ उघडण्यावर खर्च होते.

एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी, असं आपल्यातल्या अनेकांनी शाळेत पाठ केलं. पुढच्या मोजमापांत तो आकडा टिकला नाही, आता ३० ते ३२ धरतात. तरी शरीराची उलाढाल थक्क करणारी आहे. अंगात एका वेळी एटीपी असतो फार तर शे-दोनशे ग्रॅम, पण दिवसभरात आपण साधारण आपल्या वजनाइतका एटीपी वापरतो. तोच रेणू मोडतो, परत याच्याकडे येतो, पुन्हा घडतो.

प्रोटॉनांच्या दाटीतून ऊर्जा मिळते, ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली तेव्हा फार थोड्यांना ती पटली. प्रकृतीमुळे विद्यापीठ सोडून ते कॉर्नवॉलमध्ये गेले, ग्लिन हाऊस नावाचं मोडकळीला आलेलं घर सावरून तिथेच त्यांनी प्रयोगशाळा थाटली. १९७४ साली रॅकर आणि स्टोकेनियस या शास्त्रज्ञांनी सोयाबीनच्या स्निग्धांचे सूक्ष्म फुगे केले. त्यांत खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवाचं, उजेडावर प्रोटॉन ढकलणारं प्रथिन बसवलं आणि गाईच्या हृदयातला हा रहाटही. प्रकाश टाकला, एटीपी तयार झाला. एकमेकांना कधी न भेटलेल्या तीन जीवांमधला दुवा होता तो फक्त प्रोटॉन. मिचेल यांना १९७८ मध्ये नोबेल मिळालं. १९९४ मध्ये केंब्रिजच्या जॉन वॉकर यांनी डोक्याची रचना दाखवली, आणि १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्या दांड्याला चमकणारा तंतू जोडून तो सूक्ष्मदर्शकाखाली फिरताना प्रत्यक्ष पाहिला. त्याच वर्षी बॉयर आणि वॉकर नोबेलचे मानकरी झाले.

स्वभावाने हा रहाट निमूट आहे, पण त्याला स्वतःची दिशा नाही. हृदयाच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, ऑक्सिजन थांबला, की बाहेरची दाटी ओसरते आणि हा उलट फिरू लागतो. मग तो विहिरीवरच्या रहाटासारखाच वागतो: साठलेला एटीपी मोडून प्रोटॉन बाहेर उपसतो. त्याला आवरायला पेशीने एक छोटं प्रथिन नेमलं आहे, ते डोक्यात अडकून फिरणं रोखतं.

त्याला वगळून प्रोटॉन आत आले तर ऊर्जेची नुसती उष्णता होते. नवजात बाळाच्या तपकिरी चरबीत शरीर हे मुद्दाम करतं, बाळाला ऊब मिळते. १९३०च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफिनॉल हे रसायन वजन उतरवायला विकलं गेलं, त्याचा परिणाम हाच. वजन उतरलं, पण माणसं आतून तापून मेली. १९३८ मध्ये ते माणसांसाठी घातक ठरवलं गेलं. त्याच्या वाटेला जाऊ नये.

पालकाच्या पानातही हा रहाट आहे, तिथे त्याला चौदा गाडगी. क्षयाच्या जंतूतही आहे. बेडाक्विलिन हे औषध नेमकं त्याच चाकात जाऊन बसतं, चाक अडतं आणि सुस्त पडून राहिलेला जंतूसुद्धा मरतो. आपल्या पेशींतल्या चाकाला ते फारसं धरत नाही. त्याआधी चिवट क्षयावर दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनांनी मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांची श्रवणशक्ती गेली होती, दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांचीही. बेडाक्विलिनवरची मक्तेदारी लांबवणाऱ्या पेटंट अर्जाला दोघींनी भारतात आव्हान दिलं. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला आणि त्याच वर्षी जुलैत मूळ पेटंटही संपलं. आता हे औषध इतर कंपन्यांनाही इथे बनवता येतं.