आशेचं ओझं

कॅन्सरच्या रुग्णाला भेटायला गेलेलं माणूस निघता निघता हटकून म्हणतं, "सकारात्मक राहा, अर्धा आजार तिथंच पळतो." बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. तरीही हे वाक्य मला अन्यायाचं वाटतं, आणि रेडिएशन चालू असलेल्या माणसाच्या बाबतीत तर फारच. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला शेक सुरू झाला की काही आठवड्यांत तोंड आतून सोलून निघतं, लाळ आटते, वरणभाताची चव जाते, घोटभर पाणी गिळतानाही कळ येते. अशा माणसावर आपण आणखी एक काम टाकतो: प्रसन्न राहायचं. उद्या उपचाराला यश आलं नाही, तर हाच कुठंतरी मनानं कमी पडला, असाही त्याचा अर्थ निघतो. आशा हवी, याबद्दल वाद नाही. पण ती रुग्णाच्या चेहऱ्यावर शोधणं चूक आहे. ती उपचाराच्या रोजच्या क्रमात असते, आणि तो क्रम अखंड ठेवण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याची नाही.

मनःस्थितीनं आयुष्य वाढत असतं तर ते कुठंतरी आकड्यांत दिसायला हवं होतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासलं. डोकं आणि मान या भागांतल्या कॅन्सरसाठी रेडिएशनच्या दोन चाचण्यांत सहभागी झालेल्या १,०९३ रुग्णांनी सुरुवातीलाच आपल्या मनःस्थितीबद्दलची प्रश्नावली भरली होती. पुढं कोण किती जगलं याच्याशी ती उत्तरं ताडून पाहिली, तेव्हा दोहोंत संबंध आढळला नाही. हा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. एका अभ्यासानं सगळ्या कॅन्सरांचा निकाल लागत नाही, हे मान्य. कोणाला तो निराश करणाराही वाटेल. मला मात्र त्यात मोठा दिलासा दिसतो. रात्री उशीत तोंड खुपसून रडणाऱ्या बाईची गाठ त्या रडण्यानं वाढत नाही. चिडलेल्या, देवावर रुसलेल्या, कोणाशीही न बोलणाऱ्या माणसावरही किरण तेवढंच काम करतात.

मग काम होतं कशानं? मात्रेनं, आणि ती मात्रा ठरल्या दिवशी मिळाल्यानं. रोंटगेननं १८९५ मध्ये क्षकिरण शोधले आणि लवकरच ते गाठींवर वापरले जाऊ लागले, पण एकदाच मोठा मारा केला की गाठीबरोबर कातडीही जळायची. १९२०च्या दशकात पॅरिसच्या रेडियम संस्थेत क्लॉड रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग केले. वृषणातल्या झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी एका माऱ्यात नष्ट करायला गेलं की वरची कातडी हातची जायची; मात्रा काही दिवसांत विभागून दिली की आतलं काम व्हायचं आणि कातडी वाचायची. आजचा उपचार याच समजुतीवर उभा आहे. तोंड-घशाच्या कॅन्सरला साधारणपणे रोज २ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचं एकक), आठवड्यातून पाच दिवस, अशी ३५ वेळा मिळून ७० ग्रे मात्रा देतात. दोन शेकांच्या मधल्या तासांत निरोगी पेशी आपल्या गुणसूत्रांची मोडतोड बऱ्यापैकी दुरुस्त करून घेतात. कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही. म्हणजे रुग्ण घरी नुसता पडून असतो तेव्हाही उपचार चालू असतो. पण वेळ दोन्ही बाजूंना मिळतो. अशा कॅन्सरमध्ये साधारण चार आठवड्यांनंतर उरलेल्या पेशी अधिक वेगानं वाढू लागतात, आणि उपचार एकेक दिवस लांबला की गाठ आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एका टक्क्यानं, कधी थोडी जास्तच, घटते. मन खचण्याला आपण घाबरतो. घाबरायला हवं खाड्याला.

रोजच्या शेकाचा प्रसंग जवळून पाहिला तर धैर्य कशाला म्हणायचं ते कळतं. प्लास्टिकचा जाळीदार पत्रा गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबून बसवतात. काही मिनिटांत तो घट्ट होतो आणि नाक, हनुवटी, खांदे यांचा हुबेहूब साचा तयार होतो. मग दर वेळी तोच मुखवटा चढवून टेबलाला खटके लावतात. डोकं तसूभर हलता कामा नये, कारण किरणांचा नेम मिलिमीटरमध्ये धरलेला असतो. तंत्रज्ञ बाहेर जातात, जाड दार लागतं, बाहेरच्या पडद्यावर तो एकटा माणूस दिसत राहतो. यंत्र त्याच्याभोवती फिरतं. दुखत काहीच नाही. पण ती काही मिनिटं न हलता पडून राहणं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच टेबलावर चढणं, यासाठी हसरा चेहरा लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, मन खचलेला माणूसच तर खाडे करतो, म्हणजे मन महत्त्वाचं ठरलंच की. खरं आहे. खिन्नता माणसाला अंथरुणातून उठू देत नाही, जेवू देत नाही, आणि वजन फार उतरलं तर मुखवटा सैल होऊन नेमही नव्यानं धरावा लागतो. पण मग खिन्नतेवर उपचार करा. मानसोपचारतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, वेदना कमी करणारं औषध, गरज पडली तर अन्नासाठी नाकातून नळी, हे सगळं त्यासाठीच असतं. उपदेश हे त्यांतलं काहीच नव्हे. आणि जिथं आजार बरा होण्यातला राहिलेला नाही, तिथं तरी आशा कशाची, हा त्याहून अवघड प्रश्न. हाडांत पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेवर ८ ग्रेचा एकच शेक पुष्कळ रुग्णांना आराम देतो. कुशीवर वळता येणं, रात्रभर सलग झोप लागणं, ही आशाच आहे. तिला दुय्यम लेखण्याचा अधिकार निरोगी माणसांना नाही.

आपल्याकडं खाड्याची कारणं बहुधा मनात नसतात. विदर्भातून, मराठवाड्यातून परळच्या टाटा रुग्णालयात आलेल्या कुटुंबाला सात आठवडे मुंबईत राहायचं कुठं, हा पहिला प्रश्न पडतो. रोजंदारी बुडते, सोबत आलेल्या भावाला परत जावं लागतं. गाडगे महाराजांच्या नावाची दादरची धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपरचं भाडं पूर्ण माफ आहे आणि सोबत्याला त्यात ७५ टक्के सवलत. भाभा अणुसंशोधन केंद्रानं भाभाट्रॉन हे देशी कोबाल्ट यंत्र घडवलं, त्यामागंही शेक रुग्णाच्या गावाजवळ जावा हाच विचार होता. मला आशा दिसते ती अशा ठिकाणी. तेव्हा तुमच्या नात्यात, शेजारात कोणाचा शेक चालू असेल, तर धीराचं वाक्य क्षणभर बाजूला ठेवा. उद्या किती वाजता जायचं आहे, सोबत कोण आहे, डब्यात पातळ काय चालेल, एवढं विचारा. शरीराबाहेरून दिलेल्या शेकानं माणूस किरणोत्सारी होत नाही. त्याच्याजवळ बसा, नातवंडांनाही त्याच्या मांडीवर बसू द्या. आणि तो रडला, तर त्याला रडू द्या.