नव्या तलावाचे पहिले वर्ष

विहिरीला झरे असतात, नदीला प्रवाह असतो. घराच्या आवारात बांधलेल्या जलतरण तलावाला यांतले काहीच नसते. त्याचे पाणी फिरते ठेवायचे काम पंप करतो, गाळायचे काम वाळूचा फिल्टर करतो आणि जंतू मारायचे काम क्लोरीन करतो. यांतले एक जरी थांबले, तरी एप्रिल-मेच्या उन्हात दोन-चार दिवसांत पाणी हिरवे पडते. मनोर-पालघर रस्त्याच्या आजूबाजूला, मासवणजवळ सूर्या नदीच्या काठी आणि केळव्याच्या वाड्यांकडे शेतघरांबरोबर असे तलाव आता दिसू लागले आहेत. मालक बहुधा मुंबईत राहतो आणि शनिवार-रविवारी येतो. आठवडाभर तलाव पाहतो तो जवळच्या पाड्यावरचा राखणदार. तलाव बांधणाऱ्याने किल्ल्या मालकाच्या हाती दिल्या, तरी यंत्रे कशी चालवायची हे राखणदाराला शिकवल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये.

घरगुती तलावाचा एक नेहमीचा आकार घेतला, ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.३५ मीटर खोल, तर त्यात साधारण ४३ हजार लीटर पाणी मावते. म्हणजे १० हजार लीटरचे चार टँकर भरूनही थोडे कमीच. याच पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायकांना हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. तेव्हा एकदा भरलेले पाणी वर्षानुवर्षे टिकवणे हीच तलावाच्या देखभालीची कसोटी. ‘पाणी खराब झाले की काढून टाकू आणि नवीन भरू’ हा विचार इथे पाण्याच्या दृष्टीने चुकीचा आहे आणि, पुढे दिसेल त्याप्रमाणे, बांधकामाच्या दृष्टीने धोक्याचा.

भरण्याआधी पाणी कुठले आहे हे पाहावे. या भागातला खडक काळा पाषाण. त्यातल्या बोअरचे पाणी दिसायला नितळ असते, पण पुष्कळदा जड असते आणि कधी त्यात लोह विरघळलेले असते. किनाऱ्याजवळच्या विहिरींत खारेपणा येतो. नदीचे पाणी हलके, पण पावसाळ्यात गढूळ. लोहाची परीक्षा घरीच होते. पांढऱ्या बादलीत बोअरचे पाणी घ्यावे, त्यात क्लोरीनच्या पावडरीची चिमूट टाकून ढवळावे आणि बादली तासभर ठेवून द्यावी. पाणी चहाच्या रंगाकडे झुकले, तळाशी तांबूस गाळ बसला, तर लोह आहे. हेच पाणी थेट तलावात घेतले, तर पहिल्या क्लोरीनबरोबर पांढऱ्या टाइल्सवर गंजाचे डाग बसतात आणि ते सहज निघत नाहीत. असे पाणी आधी टाकीत घेऊन, क्लोरीन देऊन, गाळ बसू द्यावा आणि वरचे निवळलेले पाणीच तलावात सोडावे.

टाइल्सचे सांधे पक्के झाल्यावर भरायला सुरुवात करावी आणि मध्ये न थांबता काठापर्यंत भरावे. अर्ध्यावर दोन दिवस थांबले, की तिथे क्षाराची रेघ उमटते. नव्या तलावात सिमेंट अजून जिवंत असते. सांध्यांतला चुना पाण्यात उतरत राहतो आणि पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, रोज वर चढतो. आज ७.४ असलेला आकडा उद्या ८ च्या वर दिसला, तर घाबरण्याचे कारण नाही. पहिले तीन-चार आठवडे हे होणारच. या दिवसांत सकाळ-संध्याकाळ भिंती आणि तळ नायलॉनच्या ब्रशने घासावा लागतो. ब्रश फिरला की त्याच्यामागे दुधासारखा ढग उठतो. तो चुना. तो उठवून फिल्टरकडे पाठवला नाही, तर तिथेच कडक होतो आणि मग पायाला टाइल खरखरीत लागते. सामू उतरवण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. वरच्या आकाराच्या तलावात एका वेळी पाव लीटरपेक्षा जास्त घालू नये. आधी बादलीभर पाणी, मग त्यात आम्ल, हा क्रम कधीही उलटा करायचा नाही. पंप चालू ठेवून ते खोल बाजूला सोडावे आणि चार तासांनी पुन्हा मोजावे.

सामूवर एवढा भर देण्याचे कारण क्लोरीनमध्ये आहे. पाण्यात गेलेला क्लोरीन दोन रूपांत राहतो आणि त्यांतले हायपोक्लोरस आम्ल हेच जंतूंवर झपाट्याने काम करते. सामू ७.५ च्या आसपास असताना निम्मा क्लोरीन या रूपात असतो. ८ वर गेला की जेमतेम पाव भाग उरतो. पावडर तेवढीच पडते, खर्च तेवढाच होतो आणि पाणी मात्र हिरवे होते. मग राखणदार आणखी पावडर टाकतो. दोष बहुतेक वेळा क्लोरीनच्या कमतरतेचा नसून सामूचा असतो. सामू ७.२ ते ७.६ ठेवावा. तो स्थिर राहावा म्हणून पाण्याची विम्लता, म्हणजे चाचणी-संचावर जिला टोटल अल्कलिनिटी म्हणतात ती, ८० ते १२० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग) हवी. ती कमी असेल तर खाण्याचा सोडा उपयोगी पडतो. ४३ हजार लीटरमध्ये १० पीपीएम वाढवायला साधारण पाऊण किलो लागतो. कॅल्शियमचा जडपणा २०० ते ४०० पीपीएम असावा. त्याहून फार मऊ पाणी सांध्यांतला चुना खाते, फार जड पाणी टाइलवर आणि पाइपात पांढरा थर धरते.

क्लोरीन विकत घेताना बाजारात चार नावे ऐकू येतात. ब्लीचिंग पावडर स्वस्त, पण तिच्यात निम्म्याहून अधिक भाग चुन्याचा आणि इतर पदार्थांचा. घरच्या तलावाला ती नकोच. द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट स्वच्छ काम करते, मात्र उन्हाळ्यात कॅनमध्येच त्याची ताकद उतरते, म्हणून पंधरवड्यापुरतेच आणावे आणि सावलीत ठेवावे. दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइटमध्ये ६५ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन मिळतो. आपल्या तलावात १ पीपीएम वाढवायला त्याचे ६६ ग्रॅम पुरतात. चौथे नाव टीसीसीएच्या गोळ्यांचे, आणि तिथेच बहुतेक जण अडकतात. गोळी सावकाश विरघळते, शनिवार ते शनिवार चालते, म्हणून सोयीची. पण तिच्यात क्लोरीनबरोबर सायन्युरिक आम्ल असते. हे आम्ल थोडे असणे गरजेचेच आहे, कारण त्याच्याशिवाय कडक उन्हात दोन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातो. ३० ते ५० पीपीएम एवढे ते हवे. मात्र क्लोरीन खर्च होतो आणि हे आम्ल पाण्यात साठत जाते. गोळीतून १० पीपीएम क्लोरीन गेला की ६ पीपीएम सायन्युरिक आम्ल मागे राहते. रोज २ पीपीएम या हिशेबाने महिन्याला ३६, तीन महिन्यांत शंभरच्या वर. मग क्लोरीनचा आकडा चाचणीत दिसतो, पण तो बांधलेला असतो, आणि शेवाळ वाढत राहते. उपाय एकच उरतो, थोडे पाणी काढून नवे भरण्याचा. तेव्हा गोळ्या सायन्युरिक आम्ल ४० पीपीएमपर्यंत येईतोच वापराव्यात आणि पुढे दाणेदार किंवा द्रव क्लोरीनकडे वळावे. बोअरचे पाणी आधीच जड असेल तर द्रवच बरा, कारण दाण्यांतून कॅल्शियम वाढते. क्लोरीन १ ते ३ पीपीएम ठेवावा. सायन्युरिक आम्ल ४० ला पोहोचल्यावर मात्र तो ३ च्या खाली उतरू देऊ नये. दाणेदार किंवा द्रव क्लोरीन सूर्य मावळल्यावर द्यावा.

शेवाळावर मोरचूद टाकण्याची चाल जुनी आहे. शेवाळ मरते खरे, पण तांबे पाण्यात राहते, टाइलवर निळसर-काळे डाग पडतात आणि फिकट रंगाचे केस हिरवट होतात. तुरटी गढूळपणा झटपट खाली बसवते. तिचा गाळ मात्र वाळूत न नेता व्हॅक्यूमने थेट बाहेर काढावा लागतो, नाहीतर फिल्टरमधली वाळू चिकटून तिचे गोळे होतात.

यंत्रांमध्ये पंप सर्वांत जास्त राबतो आणि सर्वांत जास्त हेळसांडही त्याचीच होते. सगळे पाणी सहा तासांत एकदा फिल्टरमधून जावे, असे धरले तर तासाला सात हजार लीटरच्या थोड्या वर पाणी ओढणारा पंप लागतो. पंपापुढच्या पारदर्शक झाकणाखाली जाळीची टोपली असते. आंब्याचा मोहोर, चिकूची पाने, किडे सगळे तिथे अडकते. टोपली भरली की पंप कोरडा ओढू लागतो, आतले सील तापते आणि थेंब थेंब गळती सुरू होते. टोपली रोज पाहायला दोन मिनिटे लागतात. सील बदलायला मेकॅनिकची वाट पाहत आठवडा जातो. गावाकडे विजेचा दाब खालीवर होतो, म्हणून पंपाला कमी-जास्त दाबाला तोडणारे संरक्षण हवे. पाण्याजवळच्या प्रत्येक जोडणीला गळती होताच वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि नीट अर्थिंग हवेच हवे. पाण्याखालचे दिवे १२ व्होल्टचेच असावेत. यात काटकसर करू नये.

टायमरबद्दल एक बारीक गोष्ट. चक्राचा साधा टायमर वीज गेली की थांबतो आणि आली की तिथूनच पुढे चालतो. आठवड्यात सहा तास वीज गेली, तर सकाळी आठला सुरू होणारा पंप दुपारी दोनला सुरू होऊ लागतो. बॅटरी असलेला टायमर घ्यावा, नाहीतर दर सोमवारी घड्याळाशी जुळवून घ्यावा.

वाळूच्या फिल्टरवर दाब दाखवणारा काटा असतो. वाळू स्वच्छ असताना तो कुठे होता, हे पहिल्याच दिवशी रंगाने टाकीवर लिहून ठेवावे. त्याहून अर्धा बार वर गेला की बॅकवॉशची, म्हणजे उलटे पाणी सोडून वाळू धुण्याची, वेळ झाली. पंप बंद करून मगच झडपेचा दांडा फिरवायचा. चालू पंपावर फिरवला की आतले रबर फाटते आणि तलावाचे पाणी नकळत गटारात जात राहते. बॅकवॉश सुरू झाल्यावर बाजूच्या काचेकडे पाहावे. आधी तपकिरी, मग ताकासारखे, मग नितळ. दोन-तीन मिनिटांत काच साफ दिसते. मग अर्धा मिनिट रिन्स आणि पुन्हा फिल्टर. वेळापत्रक लावून रोज बॅकवॉश करणे ही चूक आहे. किंचित मळलेली वाळू अधिक बारीक कण धरते, आणि प्रत्येक बॅकवॉशला तीन-चारशे लीटर पाणी जाते. ते पाणी दोन दिवस उघड्या टाकीत ठेवले की क्लोरीन उडतो आणि नारळाच्या आळ्यात घालता येते. ओढ्यात किंवा भातखाचरात ते सोडू नये. मिठावर चालणारा क्लोरिनेटर बसवला असेल, तर हे पाणी झाडांनाही चालत नाही.

या भागातल्या तलावाची खरी परीक्षा जूनमध्ये सुरू होते. या पट्ट्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत २,००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. ३२ चौरस मीटरच्या तलावावर तेवढे म्हणजे ६४ हजार लीटर पाणी, तलावाच्या दीडपट. एका दिवसात २०० मिलीमीटर कोसळला तर ६,४०० लीटर आत येतात आणि तेवढेच काठावरून बाहेर जातात. या पाण्याबरोबर क्लोरीन, विम्लता, सायन्युरिक आम्ल सगळेच पातळ होते. मोठ्या पावसानंतर विम्लता पहिली मोजावी, मग सामू, मग क्लोरीन. भोवतालच्या फरशीचा उतार तलावाकडून बाहेर असला पाहिजे. तो उलटा असेल तर बागेतली तांबडी माती प्रत्येक सरीबरोबर आत येते. ओव्हरफ्लोचे तोंड जूनपूर्वी साफ करून घ्यावे. वापर बंद असला तरी पंप आणि क्लोरीन थांबवू नये, कारण साचलेल्या निर्जंतुक न केलेल्या पाण्यात डास अंडी घालतात. काठाला एक फळी तिरकी सोडून ठेवावी. पावसात उड्या मारणारे बेडूक तिच्यावरून बाहेर येतात, एरवी ते पोहून दमतात आणि मरतात.

आणि पावसाळ्यात तलाव कधीही रिकामा करू नये. भूजल तेव्हा जमिनीच्या पृष्ठभागाजवळ आलेले असते. तलावाच्या तळापेक्षा ते फक्त एक मीटर वर असले, तर दर चौरस मीटरला एक टन एवढा दाब खालून वर लागतो. ३२ चौरस मीटरच्या तळावर ३२ टन. आतले ४३ टन पाणी हा दाब पेलून धरते. ते काढून घेतले, तर सिमेंटचा सांगाडा होडीसारखा उचलला जाऊ शकतो. तळ फुगतो, टाइल्स सुटतात, पाइप मोडतात आणि ते पुन्हा जागेवर बसत नाहीत. तळात भूजलाचा दाब सोडणारी झडप आहे का, हे बांधतानाच विचारावे. असली तरी रिकामे करण्याचे काम मार्च ते मे या काळात, शेजारच्या विहिरीची पातळी पाहूनच करावे.

गळतीची शंका आली तर बादलीची परीक्षा पुरते. पायरीवर बादली ठेवून तलावाच्या पातळीएवढे पाणी तिच्यात भरावे, दोन्हींवर खूण करावी आणि पंप बंद ठेवून एक दिवस थांबावे. बादलीपेक्षा तलाव जास्त उतरला तर गळती आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे लहान धक्के बसत आले आहेत. घराला जाणवण्याइतका धक्का बसला, तर दुसऱ्या दिवशी ही परीक्षा करावी आणि पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या स्किमरच्या तोंडाशी सांधा तपासावा. तिथे प्लास्टिक आणि सिमेंट एकत्र येतात, आणि पहिली चीर बहुधा तिथेच पडते.

रसायनांच्या खोलीबद्दल बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत काम केलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. शेतघरात मात्र सगळे डबे एकाच कोनाड्यात दिसतात. आम्ल आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू निघतो. टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट कोरडेच मिसळले तरी पेट घेऊ शकतात, म्हणून दोघांसाठी एकच डबा किंवा एकच माप चालत नाही. पंपाच्या खोलीत यांतले काहीही ठेवू नये, त्यांच्या वाफेने तांब्याच्या जोडण्या हिरव्या पडतात. हातमोजे, चष्मा आणि मास्क राखणदाराच्या मापाचे आणून द्यावेत आणि डब्यांवर मराठीत ठळक नावे लिहावीत. तलावाभोवती लहान मुलाला उघडता न येणारे फाटक असलेले कुंपण पहिल्या थेंबापूर्वी उभे असावे. तळाला शोषणारी तोंडे दोन हवीत, एकमेकांपासून दूर, आणि दोन्हींवर फुगीर जाळ्या घट्ट बसवलेल्या. एकच तोंड असले तर ते अंगाने झाकले गेलेल्या मुलाला पंप सोडत नाही.

ऑक्टोबरमध्ये पाऊस सरला की भूजल उतरू लागते आणि पाणी पुन्हा उन्हात येते. सायन्युरिक आम्ल पावसाने धुऊन गेलेले असते, ते मोजून ३० पर्यंत आणावे. फिल्टरचे झाकण उघडून वाळू सपाट आहे की मध्ये खड्डा पडला आहे ते पाहावे, गोळे झाले असतील तर हाताने फोडावेत. दाबाचा काटा आता कुठे थांबतो ते टाकीवरच्या पहिल्या खुणेशेजारी तारखेसह लिहावे.